स्वयंपाकघरातला उजेड

माझी धाकटी बहीण रोममध्ये मोंतेवेर्दे नावाच्या भागात राहते. तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला जवळजवळ लागूनच एक जुना स्टोन पाइन, म्हणजे पसरट माथ्याचा, छत्रीसारखा दिसणारा पाइन होता. खिडकीतून त्याचा बुंधा दिसायचा नाही आणि शेंडाही नाही. दिसायचा तो बरोबर मधला भाग, जिथे सरळसोट खोड संपतं आणि जाडजूड फांद्या चहूबाजूंना फाकत वर जातात. या वेळी मी गेले तेव्हा झाड काळं पडलं होतं आणि खोडावर रंगाची खूण केलेली होती. एका सकाळी क्रेन आली, रस्ता अडवला गेला आणि पाळण्यात उभं राहून एका माणसानं वरून कापायला सुरुवात केली. फांदी कापायची, दोरानं बांधून हळू खाली सोडायची, मग पुढची. करवत थांबली की मधल्या शांततेत राळेचा वास खिडकीतून आत यायचा, इतका दाट की आमच्या चहालाही तो लागला. दुपारी कामगार गेले तेव्हा खाली ओल्या, पिवळट लाकडाचं एक वर्तुळ तेवढं उरलं होतं. बहिणीनं कुकर लावला, वळून ओट्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताई, काय छान उजेड आलाय गं!" आला होता खरा. पुण्याहून नेलेली स्टीलची पातेली चमकत होती, मांडणीच्या मागच्या कोपऱ्यातली हळदीची बरणी पहिल्यांदाच नीट दिसत होती, भिंतीचा रंग पांढरा नसून फिकट पिवळा आहे हे कळत होतं. मी म्हणाले, "हो, खरंच छान वाटतंय."

आणि छान वाटलंही होतं. तेच मला पुढे कित्येक दिवस टोचत राहिलं.

त्या झाडाशी माझं तसं नातं काय, तर अधूनमधून काही आठवडे त्याच्या शेजारी राहायचं. पण स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर जे असतं ते आपण फार बघतो. भाजी निवडताना, दुधावर लक्ष ठेवताना नजर बाहेरच असते. त्या पाइनची साल मला पाठ झाली होती: तांबूस, करड्या रंगाचे लांबट सपाट खपले, आणि दोन खपल्यांमध्ये बोट जाईल एवढी खोल भेग. वारा सुटला की पिंपळाची सळसळ होते तसं काही व्हायचं नाही. वीतभर लांबीच्या त्या जोडसुयांमधून एकच, खालच्या पट्टीतला, न तुटणारा आवाज यायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं शेजारी कुणीतरी नळ सुरू ठेवलाय. वसंतात परागांची पिवळी पूड खिडकीच्या कट्ट्यावर जमायची आणि बहीण रोज कुरकुरत ती पुसायची. उन्हाळ्यात दुपारी झाड तापलं की राळेचा वास यायचा. फांद्यांवर पोपट येऊन बसायचे. रोमच्या बागांमधून पोपटांचे थवे आहेत, पिंजऱ्यांतून सुटलेल्यांची ती प्रजा. त्यातले काही दक्षिण अमेरिकेतले आणि काही चक्क आपले, गळ्यात कंठी असलेले. ते ओरडत आले की बहीण हातातलं काम टाकून खिडकीशी जायची. झाड गेलं त्या दिवशी पोपटांबद्दल आम्ही दोघीही बोललो नाही.

झाड काळं का पडलं हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कोकणात आमच्या आजोळी आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे पडायचे. पानांवर चिकट, गोडसर द्रव सांडायचा आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी धरायची. आजोबा पानावरून बोट फिरवून काळं झालेलं बोट आम्हाला दाखवायचे आणि मग दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. मोंतेवेर्देच्या रस्त्यावर पाइनखाली उभ्या असलेल्या गाड्यांच्या काचांवर मी हात लावून पाहिला, तोच चिकटा. इथे तुडतुड्यांच्या जागी खवले कीड आहे. मूळची उत्तर अमेरिकेतली, पाठीच्या घुमटामुळे कासवाचं नाव मिळालेली. कॅरिबियनजवळच्या टर्क्स आणि कायकोस बेटांवर ती २००५ मध्ये आढळली आणि तिथल्या पाइनवनांचा बहुतेक भाग तिनं संपवला. इटलीत ती नेपल्सच्या परिसरात २०१४-१५ च्या सुमारास सापडली, २०१८ मध्ये रोमला पोचली. सुयांना आणि कोवळ्या फांद्यांना चिकटून ती रस शोषते, बुरशीच्या काजळीनं सुयांपर्यंत ऊन पोचत नाही, सुया गळतात, आणि एवढं प्रचंड झाड काही वर्षांत उभ्याउभ्या वाळतं. उपाय आहे. बुंध्याभोवती बारीक भोकं पाडून त्यांतून औषध आत सोडायचं, झाड स्वतःच ते रसाबरोबर माथ्यापर्यंत चढवतं. पण ते एकदा करून भागत नाही, ठरावीक काळानं पुन्हा करावं लागतं, आणि रोममध्ये असे पाइन हजारोंनी आहेत. बहिणीच्या खिडकीबाहेरच्या झाडापर्यंत पाळी येईतो उशीर झाला होता.

कापलेल्या फांद्या ट्रकमध्ये भरत होते तेव्हा मी खाली उतरले होते. एका फांदीवर तीन वयांचे शंकू, म्हणजे पाइनची बिया धरणारी खवलेदार बोंडं, होते. वाटाण्याएवढे त्याच वर्षीचे, सुपारीहून थोडे मोठे आधीच्या वर्षीचे, आणि मुठीत न मावणारे, हिरवे, जड, पिकायला टेकलेले. या पाइनचा शंकू पिकायला तीन वर्षं घेतो. पाइनच्या बहुतेक जाती इतका वेळ घेत नाहीत. म्हणजे फुलोरा धरल्यापासून बी हातात येईपर्यंत झाडाला तीन उन्हाळे काढावे लागतात, आणि दर वर्षी नवी तयारी सुरूच असते. त्या आजारी झाडानंही ती सुरू ठेवली होती. हे मी बहिणीला सांगितलं नाही. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. तिच्या उजेडात मिठाचा खडा टाकल्यासारखं झालं असतं.

मोंतेवेर्देला लागूनच व्हिला पाम्फिली नावाचं मोठं उद्यान आहे. पोप दहावा इनोसंट याचा पुतण्या कामिल्लो पाम्फिली यानं सतराव्या शतकात वसवलेलं, आता सगळ्यांसाठी खुलं. तिथल्या पाइनच्या राईत एक आजोबा बाकावर बसून दगडानं बिया फोडत होते. बोटं कोळशाच्या वखारीत काम केल्यासारखी काळी. या बीच्या टरफलावर काळी भुकटी असते, ती हाताला लागते आणि लवकर जात नाही. त्यांनी मला बाकावर जागा करून दिली, बी कडेवर उभी धरून एकच ठोका कसा द्यायचा ते दाखवलं, आणि आतला हस्तिदंती रंगाचा दाणा माझ्या तळहातावर ठेवला. मऊ, दुधाळ, आणि अगदी शेवटी जिभेवर राळेची एक पुसट कडसर चव. मला चिलगोजे आठवले. हिवाळ्यात सुकामेव्याच्या दुकानातून वडील छटाकभर आणायचे, आम्ही पातळ टरफल दातानं सोलून खायचो. किन्नौरचा आणि अफगाणिस्तानचा तो पाइन या पाइनचा दूरचा भाऊबंद. चिलगोज्याचं टरफल दातानं निघतं, याला मात्र दगडच लागतो. इटलीत हे दाणे पेस्तो नावाच्या चटणीत पडतात, केकवर पडतात, रोमचे लोक खारवलेल्या माशात मनुकांबरोबर घालतात. पण आता ते फार महाग झालेत. १९९९ मध्ये अमेरिकेतूनच आलेला ढेकणाच्या कुळातला एक कीटक कोवळ्या शंकूतल्या बिया शोषून पोचट करतो. संध्याकाळी दुकानात बहिणीनं पुडी उचलली, किंमत वाचली आणि परत ठेवली. शेजारी चीनमधून आलेल्या, आखूड, तिकोनी दाण्यांची स्वस्त पुडी होती, तीही घेतली नाही.

त्या काळ्या बीबद्दल मी नंतर खूप वाचलं, कारण बाकावरच्या त्या आजोबांनी एक प्रश्न डोक्यात सोडून दिला होता. ते म्हणाले होते, ही राई लावलेली आहे, आपोआप उगवलेली नाही. मला आधी पटलं नाही. रोमच्या आकाशरेषेवर हे झाड इतकं घट्ट बसलं आहे, की ते तिथे मुळापासूनच असणार असं वाटतं. पण बी पाहा. आपल्या हिमालयातल्या चिडाच्या बीला पंख असतो, वारा तिला दूर नेतो. याच्या बीला नावापुरता पंख आहे, तो लगेच गळून पडतो, आणि बी तर दोन सेंटिमीटर लांब, जड. वारा तिला काही नेऊ शकत नाही. स्पेन-पोर्तुगालमध्ये एक निळ्या पंखांचा पक्षी ती उचलून नेतो, उंदीर-खारी थोड्या पुरून ठेवतात. त्याहून दूर नेणारा एकच प्राणी. दक्षिण स्पेनच्या नेर्खा गुहेत अश्मयुगातल्या चुलींच्या आसपास या पाइनची जळलेली टरफलं आणि शंकूचे तुकडे सापडले आहेत. त्यांनीही बहुधा शंकू शेकून उघडले असणार, दगडानं बी फोडली असणार, आणि त्यांचीही बोटं काळी झाली असणार.

अलीकडे जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट दिसली, तिनं मी हादरले. पोर्तुगालपासून तुर्कस्तानपर्यंत पसरलेल्या या झाडांमध्ये आपसात फरक जवळजवळ नाहीच. थोडा वेगळेपणा दिसतो तो लेबननकडच्या झाडांत. एवढ्या मोठ्या प्रदेशातल्या झाडांत इतका सारखेपणा फार दुर्मिळ. शास्त्रज्ञांचा कयास असा, की फार पूर्वी कधीतरी ही जात अगदी मूठभर झाडांवर येऊन ठेपली असावी, आणि त्या मूठभरांचाच पसारा पुढे माणसानं समुद्राच्या कडेकडेनं नेला असावा. सगळी झाडं एकमेकांची इतकी सख्खी, म्हणून एका किडीला जे झाड गोड लागतं, ते सगळंच रान गोड लागण्याची भीती.

म्हणजे हे झाड माणसाच्या हातानं चालत इथवर आलं आहे.

रोमन लोकांनी ते जिथे गेले तिथे नेलं, झाड नाही तर निदान शंकू आणि बिया. ब्रिटनमधल्या आणि जर्मनीतल्या रोमन वस्त्यांच्या उत्खननात या पाइनची टरफलं निघतात, जिथे हे झाड तेव्हा उगवतही नव्हतं. खाण्यासाठी, आणि देवासाठीही. पाँपेईच्या घरांत जळलेले शंकू सापडले, कारण शंकू वेदीवर जाळत, राळेचा सुगंधी धूर व्हायचा. सिबेली देवीच्या उत्सवात २२ मार्चला पाइन तोडून, लोकरीनं आणि फुलांनी मढवून तिच्या देवळात वाजतगाजत नेत. तिचा प्रियकर आत्तिस पाइनखाली मेला होता, म्हणून ते झाड म्हणजे त्याचं प्रेत. त्यासाठी झाड वाहून नेणाऱ्यांचा वेगळा संघच होता. व्हॅटिकनमध्ये एक ब्राँझचा शंकू आहे, जवळजवळ चार मीटर उंच. रोमन काळात तो पँथिऑनच्या परिसरात कारंजं म्हणून उभा होता. मध्ययुगात तो जुन्या सेंट पीटर चर्चच्या अंगणात गेला, १६०८ पासून आताच्या जागी आहे. इटालियन कवी दान्तेनं नरकातल्या राक्षसाच्या चेहऱ्याचा आकार सांगायला याच शंकूचं माप वापरलं. मी त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा आजूबाजूला गर्दी फोटो काढत होती, आणि मी खपले मोजता येतात का बघत होते. कारागिरानं प्रत्येक खपल्यावरची मधली गाठ घडवलेली आहे. ज्यानं खरा शंकू हातात घेऊन वळवून पाहिला नाही, त्याला ते जमणार नाही.

आणि रोमन लेखक प्लिनी. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा तो १७ वर्षांचा होता, आखाताच्या पलीकडे मिसेनमला आईबरोबर मामाकडे राहत होता. आईनं मामाला दाखवलं, की डोंगराकडे काही विचित्र ढग दिसतोय. मामा जहाजं घेऊन मदतीला गेला आणि परत आला नाही. कितीतरी वर्षांनी इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या पत्रात प्लिनीनं त्या ढगाचं वर्णन केलं: पाइनसारखा, उंच खोडासारखा वर चढलेला आणि मग फांद्यांसारखा पसरलेला. आजही तशा उद्रेकाला ज्वालामुखीतज्ज्ञ प्लिनियन म्हणतात. मला त्यात भिडतं ते हे, की इतक्या अघोरी गोष्टीचा आकार सांगायला त्याला अंगणातलं झाड पुरलं. टॅसिटसला तो आकार लगेच कळणार याची त्याला खात्री होती. दोघांनीही ते झाड रोज पाहिलेलं होतं.

उत्तर इटलीतल्या रावेन्नाला मात्र मला बहिणीनं मुद्दाम नेलं, पाइन तोडल्यानंतर, मी गप्प आहे हे तिला दिसलं होतं म्हणून. तिथे रोमन सम्राट आगुस्तसच्या काळी आरमाराचं बंदर होतं. पुढे नद्यांच्या गाळानं समुद्र मागे सरत गेला आणि मोकळ्या झालेल्या वाळूवर पाइनची वनं वाढली. मध्ययुगात मठांच्या साधूंनी ती जोपासली, त्यांना बिया हव्या होत्या, लाकूड हवं होतं. तिथली वाट भुसभुशीत, सुयांच्या थरानं पावलाचा आवाज होत नाही. वरचे माथे एकमेकांना भिडून छत धरतात आणि तरी खाली अंधार नसतो, ऊन तुकड्यातुकड्यांनी उतरत असतं. दान्ते शेवटची वर्षं रावेन्नात होता. स्वर्गाच्या वाटेवरच्या बागेतलं पानांचं संगीत सांगताना त्यानं याच वनातला, दक्षिणेकडून येणाऱ्या वाऱ्याचा आवाज आठवला आहे. इंग्रज कवी बायरन १८१९ ते १८२१ मध्ये इथे घोडा फिरवायचा. मला त्या दोघांहूनही महत्त्वाची वाटते ती १९०५ ची गोष्ट. त्या वर्षी इटलीच्या संसदेनं रावेन्नाच्या पाइनवनासाठी खास कायदा केला. देशात निसर्गाच्या देखणेपणासाठी झालेल्या कायद्यांतला तो पहिला मानतात. माणसानं लावलेलं, बियांसाठी आणि लाकडासाठी वाढवलेलं वन, आणि संसद म्हणते, आता ते हलवायचं नाही. समुद्राचा वारा तिथे मला हवा तसा आला नाही, दिवस कोंदट होता. पण खालच्या पट्टीतला तो आवाज थोडा वेळ होता. बहीण म्हणाली, "आपल्या खिडकीत यायचा तसाच ना?" तिनं तो ऐकलेला होता तर! मला वाटायचं तिच्या लक्षातच नव्हतं.

बागांमधल्या पाइनचा इतिहास म्हणजे खरं तर धीराचा इतिहास. कार्डिनलांनी आणि सरदारांनी सतराव्या-अठराव्या शतकांत आपल्या व्हिलांभोवती राया लावल्या, त्या पूर्ण वाढलेल्या बहुतेकांनी पाहिल्या नसणार. रोप लहानपणी पाइनसारखं दिसतच नाही. सुट्या, निळसर हिरव्या, आखूड सुयांचं गोल झुडूप असतं ते. नाताळात कुंडीत विकायला ठेवतात तेव्हा कुणाला सांगूनही खरं वाटत नाही. मग जोडसुया येतात, खालच्या फांद्या वाळून गळतात किंवा माळी त्या कापतो, कित्येक दशकांनी शेंड्याची वाढ मंदावते आणि माथा पसरट होतो. छत्री उघडायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. लंडनच्या क्यू बागेत १८४६ मध्ये लावलेला एक पाइन आहे, तो लावण्याआधी फार काळ कुंडीत ठेवला गेला. म्हणून त्याला एक सरळ खोड आलंच नाही, जमिनीपासूनच फांद्यांचा पसारा झाला. काही वर्षांच्या कुंडीची आठवण ते झाड पावणेदोनशे वर्षं वागवतं आहे.

याच झाडांच्या ओढीनं रोमला येणाऱ्या इंग्रजांत सर जॉर्ज बोमाँट नावाचे एक चित्रकार होते. लंडनच्या नॅशनल गॅलरीला सुरुवातीच्या काळात आपली चित्रं देणारे तेच. मोंते मारिओ टेकडीवर एक एकटा पाइन होता, शहरातून कुठूनही दिसणारा. जमिनीचा मालक तो तोडणार असं त्यांना कळलं. त्यांनी जमीन विकत घेतली नाही, झाडही घरी नेण्यासारखं नव्हतं. त्यांनी मालकाला पैसे दिले आणि बदल्यात एवढंच घेतलं, की हे झाड तोडायचं नाही. १८२७ मध्ये ते वारले. दहा वर्षांनी त्यांचा मित्र, कवी वर्डस्वर्थ रोमला आला. पोचल्याच दिवशी त्यानं पिंचो टेकडीवरून तो पाइन पाहिला, वा वा केलं, आणि तेवढ्यात भेटलेल्या, सोबत्याच्या ओळखीच्या एका माणसानं त्याला सांगितलं, की हा तुमच्या बोमाँटसाहेबांमुळे उभा आहे. वर्डस्वर्थनं त्यावर सुनीत लिहिलं. सुनीत मला ठीकठाक वाटतं. पण बोमाँटचा सौदा मी विसरू शकत नाही. परक्या देशात, परक्याच्या जमिनीवर, पुन्हा कधी दिसेल न दिसेल अशा झाडासाठी, तो फक्त तोडू नका एवढं विकत घेऊन निघून गेला.

सगळा इतिहास असा गोड नाही, आणि तो बाजूला ठेवून पाइनवर प्रेम करणं मला बरोबर वाटत नाही. कोलोसियमकडे जाणाऱ्या प्राचीन चौकांमधल्या रुंद रस्त्याकडेचे पाइन, पर्यटकांच्या प्रत्येक फोटोत असणारे, मुसोलिनीच्या काळातले आहेत. १९३२ मध्ये तो रस्ता उघडला. त्यासाठी एक अख्खा नांदता मोहल्ला पाडला, तिथल्या माणसांना शहराच्या कडेला उचलून टाकलं. पुराणवास्तूंचे अधिकारी अंतोनिओ मुन्योस यांनी भग्नावशेषांभोवती पाइन लावले, रोमन साम्राज्याची शान दिसावी म्हणून. फौजांच्या संचलनासाठी केलेल्या रस्त्यावर आज त्याच झाडांखाली मुलं आइस्क्रीम खातात. झाडाला यातलं काही ठाऊक नाही हे खरं, पण मला ठाऊक आहे, आणि त्या रस्त्यावरून जाताना सुंदर म्हणायला तोंड उघडतं आणि क्षणभर अडतं. आणखी एक अडचण आहे. वाळूत या झाडाची मुळं खोल जातात. शहरातल्या फूटपाथच्या चौकोनात त्यांना खाली वाव मिळत नाही, मग ती आडवी पसरतात, डांबर उचलतात, स्कूटरवाले पडतात. त्या काळात एका दमात लावलेली झाडं एका दमात म्हातारी होत आहेत, आणि वादळात कोसळतात तेव्हा खाली माणसं असतात. नेपल्सच्या आखाताच्या जुन्या पोस्टकार्डांवर, मागे व्हेसुव्हियस आणि पुढे एक पाइन असायचा. तो पाइन आजारी पडून १९८४ मध्ये तोडला गेला. पोस्टकार्डं पुढेही विकली जात राहिली.

रोममध्ये आता वाद असा, की पाइनच्या जागी पाइनच लावायचा की दुसरं काही. माझं मत विचाराल तर अरुंद फूटपाथवर पाइन लावू नये, तिथे सदाहरित ओक बरा. पाइन बागांत लावावा, माळावर लावावा, जिथे मुळांना खाली जाता येईल, आणि एका बियाण्यावर सगळा भार टाकू नये. बहिणीला हे पटत नाही. ती म्हणते, ओकच्या सावलीत अंधार असतो, आणि पोपट ओकवर बसतील का?

मी परत आल्यावर तिच्या इमारतीच्या मालकांची बैठक झाली. इमारतीच्या मागच्या अंगणात दुसरा पाइन आहे, रस्त्यावरच्याच्या वयाचा. काळा पडायला लागलाय, पण अजून हिरवा आहे. तो पालिकेचा नाही, इमारतीचा, म्हणजे औषधाचा खर्च रहिवाशांचा, आणि तो पुन्हा पुन्हा येणारा. तळमजल्यावरच्या बाईंनी साफ विरोध केला. त्यांच्या खोलीत त्या झाडामुळे भर दुपारी दिवा लावावा लागतो. त्यांना सत्तरी उलटली आहे, आणि त्यांचं म्हणणं चूक आहे असं मला एकदाही म्हणवलं नाही. एकानं पार्किंगचा विषय काढला. माझ्या बहिणीनं औषधाच्या बाजूनं हात वर केला. फोनवर मी विचारलं, "तुला तर उजेड आवडला होता ना?" ती म्हणाली, "आवडतोच गं. पण ते झाड काय माझ्या खिडकीत आहे का?" थोडक्या मतांनी ठराव पास झाला. प्रत्येक घराला किती येतील ते तिनं मला वाचून दाखवलं. मी म्हणाले, त्यात माझेही थोडे धर. ती म्हणाली, तसं चालत नाही, मालकांनीच भरायचे असतात. मी म्हणाले, मग तुझ्या खात्यावर पाठवते, तू तुझे म्हणून भर. आधी नको नको म्हणाली. रात्री तिनं खाते क्रमांक पाठवला.